उपेक्षेचा अभ्यास

रागावर योग हा उपाय सुचवणारी माणसं स्वतः कधी रागावलेली दिसत नाहीत, आणि मला नेमका त्याचाच राग येतो. आमचे डॉक्टर त्यांतलेच. दंडावरचा पट्टा सोडवत ते म्हणाले, "वरचा दीडशे, खालचा शंभर. गोळी देतो, पण मुळात चिडचिड कमी करा." ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहणाऱ्याला चिडचिड कमी करा म्हणणं म्हणजे डोंबिवलीकराला सकाळच्या फास्ट लोकलमध्ये खिडकीशी बसून जा म्हणण्यासारखं आहे. नौपाड्यातल्या दोन खोल्या विकून आम्ही इकडे आलो ते बिल्डरच्या पुस्तिकेतला येऊरचा डोंगर बघून. डोंगर दिसतो, नाही असं नाही. पण तो बघायला खिडकी उघडावी लागते, आणि खिडकी उघडली की न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर घरात येतात. म्हणजे आवाजाने आणि धुराने येतात. बाकी जागेवरून हलत नाहीत.

तर सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सकाळी सहाला योगवर्ग चालतो, तिथे नाव घातलं. मॅडम लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकून आलेल्या. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ती संस्था काढली ती योगाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला, आणि मॅडमनीही तो बाणा सोडलेला नाही. 'वैश्विक ऊर्जा' वगैरे भानगड नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवायला लावली. श्वास घेताना नाडी किंचित घाईत चालते, सोडताना मंदावते. म्हणून राग आला की श्वास सोडायला जास्त वेळ द्यायचा. चार मोजत घेतला तर आठ मोजत सोडायचा. "हृदयाला सावकाश चल म्हणता येत नाही, श्वासाला म्हणता येतं," असं त्या म्हणाल्या. हे मला पटलं. आपल्या हाताखालच्या माणसाकरवी साहेबाला निरोप पोचवायची पद्धत मी नोकरीत तीस वर्षं वापरलेली आहे.

अडचण श्वासाची नव्हतीच. अडचण पंख्याची होती. क्लबहाऊसमध्ये पंखे चार, त्यांतला चालतो एक. त्याच्याखाली सहा चटया मावतात आणि वर्गात माणसं पंचवीस. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरायची सवय ठाणेकराच्या रक्तात आहे; पावणेसहाला तिथे चटया पडलेल्या असत आणि माणसं घरी चहा पीत असत. मी साडेपाचला जाऊन बघितलं. एक निळी चटई तेव्हाही होती. ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची. काका रात्री जेवण झाल्यावर फेऱ्या मारायला उतरतात तेव्हाच ती अंथरून ठेवतात, असं वॉचमनकडून कळलं. त्या दिवशी मी अनुलोम-विलोम केलं तेव्हा एका नाकपुडीतून काका आत येत होते आणि दुसरीतून बाहेर जायला तयार नव्हते.

त्यात हेच काका शवासनात घोरतात. मॅडम मंद आवाजात सांगत असतात, पायाची बोटं शिथिल, घोटे शिथिल, पोटऱ्या शिथिल. त्या गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत काका गेलेले असतात. मी खांद्यापर्यंत मन लावून शिथिल होतो आणि मग डोक्यात सुरू होतं: गॅसचा नंबर लावला का, मेंटेनन्सचा चेक दिला का, चौथ्या मजल्यावर कुकरची ही दुसरी शिट्टी की तिसरी? एकदा सगळे उठून बसल्यावर मॅडम काकांकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "झोप नको, पण सैल सोडणं म्हणजे काय ते यांच्याकडून शिका." असूया ही भावना मला यापूर्वी इतक्या स्वच्छ स्वरूपात आलेली आठवत नाही.

ध्यानाचं आणखी वेगळं. डोळे मिटायचे, विचार येतील ते येऊ द्यायचे, जातील ते जाऊ द्यायचे. माझे येतात. पहिल्याच आठवड्यात, श्वासावर लक्ष ठेवून छान बसलेलो असताना, मेहुण्याचं १९९६ सालचं लग्न आठवलं. त्यात मला, घरच्या जावयाला, दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं आणि तोवर मठ्ठा संपला होता. इतकी वर्षं हे मनात कुठे पडून होतं कोण जाणे! घरी आलो आणि चपला काढता काढता बायकोला म्हणालो, "तुझ्या भावाने मुद्दाम केलं ते." बिचारी डबा भरत होती. "काय केलं?" म्हणाली. "मठ्ठा." तिने पोळी फडक्यात गुंडाळली, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आज गोळी घेतलीत का?"

बायकोचं एकूण या साधनेबद्दलचं मत फारसं चांगलं नाही. संध्याकाळी मी घरीही वीस मिनिटं बसतो, तेव्हा मिक्सर बंद, टीव्ही बंद, मुलीचा फोन बाहेरच्या जिन्यात. "पूर्वी तुम्ही ओरडायचात तेव्हा दोन मिनिटांत मोकळे तरी व्हायचात," ती म्हणते. "आता तुमच्या शांततेपायी सगळं घर चवड्यांवर चालतं."

पण भ्रामरीबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही. अंगठ्यांनी कान बंद करायचे, तोंड मिटायचं आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करायचा. आपोआप श्वास लांबतो आणि डोक्यातली करवत थांबते. स्टेशनवरून येताना कापूरबावडीला रिक्षा अडकली की मी तिथेच सुरू करतो. पहिल्यांदा केली तेव्हा रिक्षावाल्याने मान तिरकी करून कानोसा घेतला. मग इंजिन बंद केलं. आवाज येतच होता. खाली उतरून त्याने मागचं झाकण उघडलं, आत हात घातला, काहीतरी हलवलं, पुन्हा कान लावला. मी डोळे मिटलेलेच होते, मला यातलं काही माहीत नाही. मागच्या बसने हॉर्न मारला तेव्हा मी थांबलो. आवाज गेला म्हणून तो खूश होऊन पुढे बसला आणि म्हणाला, "बेअरिंग गेलं वाटलं, काका." मी त्याला काही सांगितलं नाही. तेवढ्यात पंधरा मिनिटं गेली होती आणि मला राग आलेला नव्हता, हे मात्र नमूद करतो.

एकवीस जूनचा कार्यक्रमही नमूद करायला हवा. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात तो योगदिन ठरवला. न्यूयॉर्कला तेव्हा ऊन असेल, ठाण्यात पाऊस असतो. मैदानातला कार्यक्रम ऐनवेळी मंगल कार्यालयात आला, सगळ्यांना टी-शर्ट वाटले, आणि त्यांवर छातीच्या मधोमध भागातल्या एका नेत्याचा फोटो. शवासनाला सगळे उताणे झाले तेव्हा दोनेकशे छातींवरून साहेब हात जोडून छताकडे बघत होते आणि लयीत वरखाली होत होते. उपमा चांगला होता.

खरी गडबड मात्र पतंजलींमुळे झाली. मॅडमनी एके दिवशी योगसूत्रांच्या पहिल्या भागातलं, म्हणजे समाधिपादातलं, तेहतिसावं सूत्र समजावून सांगितलं. चित्त प्रसन्न ठेवायचं तर सुखी माणसाशी मैत्री करावी, दुःखी माणसाबद्दल करुणा बाळगावी, पुण्यवानाला बघून आनंद मानावा आणि अपुण्यवानाची उपेक्षा करावी. आठवडाभर हे आचरणात आणा, म्हणाल्या. पंचवीसच्या पंचवीस लोकांनी पहिली तीन सोडून थेट चौथं उचललं. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. मी काकांना, "तुमची गाडी माझ्या रेघेच्या आत येतेय," असं सभ्यपणे सांगायला गेलो तर त्यांनी डोळे अर्धे मिटले आणि संथपणे म्हणाले, "सध्या मी तुमच्यावर उपेक्षेचा अभ्यास करतोय." म्हणजे अपुण्यवान मी! चार मोजत श्वास घेतला, आठ मोजत सोडला. मग त्यांच्यावर करुणा करायचं ठरवलं आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलं. करुणा केल्याचं कळलं की माणूस किती भडकतो, हे सूत्रात दिलेलं नाही.

प्रकरण वार्षिक सभेत गेलं. (मधल्या काळात माझा वरचा एकशे अडतीसवर आला होता. गोळीमुळे की श्वासामुळे, ते डॉक्टर आणि मॅडमनी आपापसात ठरवावं.) पार्किंगचा विषय निघाला आणि अर्ध्या तासात कोणाचं कोणाला ऐकू येईना. सेक्रेटरी आमच्याच वर्गातले. त्यांनी माईक ठोकला आणि म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा. एक दीर्घ श्वास घ्या." आश्चर्य म्हणजे घेतला सगळ्यांनी. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. पलीकडच्या रस्त्यावरचा कंटेनरचा ब्रेक ऐकू आला. "आता हळूहळू सोडा," सेक्रेटरी म्हणाले. फुफ्फुसं पुरती भरलेली असल्यामुळे सगळे एकदम बोलायला लागले, आणि मघापेक्षा कितीतरी खणखणीत.

रात्री साडेअकरापर्यंत एकच ठराव सर्वानुमते झाला: क्लबहाऊसमधले बंद असलेले तीन पंखे दुरुस्त करून घ्यावेत. सूचक तिसऱ्या मजल्यावरचे काका, अनुमोदक मी. खर्च कोणत्या खात्यातून करायचा, यावर पुढच्या सभेत.