प्रतिक्रियेला उत्तर : युरेनस, व्हॉयेजर आणि ‘तो दिवस वेगळा होता’

नमस्कार. युरेनसच्या चुंबकावरणावरच्या (म्हणजे ग्रहाभोवती त्याच्याच चुंबकीय क्षेत्राचा अंमल असलेल्या प्रदेशावरच्या) लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात देतो : “व्हॉयेजरची मोजमापं तुम्ही फार ठामपणे मांडली आहेत. २०२४च्या संशोधनाने ती सगळी निकालात काढली. जेमतेम दोन दिवस तिथे असलेल्या यानाच्या जोरावर एका अख्ख्या ग्रहाबद्दल सिद्धान्त मांडायचे आणि जवळपास चाळीस वर्षांनी ‘तो दिवस वेगळा होता’ म्हणायचं, याला विज्ञान म्हणायचं का?”

भाषा कडक आहे, पण प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. २०२४च्या शोधनिबंधाने मोजमापं निकालात काढलेली नाहीत. त्यातलं ग्रहाचं काय आणि त्या दिवसाचं काय, हे वेगळं करून दाखवलं. आणि हे करता आलं ते व्हॉयेजरच्याच नोंदींमुळे.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले, त्या शोधनिबंधाचे लेखक जेमी जासिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेनसपाशी नवं काहीच मोजलेलं नाही. व्हॉयेजर-२ युरेनसच्या सर्वांत जवळ गेलं २४ जानेवारी १९८६ला. त्याआधी ते मोकळ्या सौरवाऱ्यातून, म्हणजे सूर्यापासून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतातून, चाललं होतं आणि वाऱ्याची घनता, वेग यांची नोंद करत होतं. त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर दिसलं, की यान चुंबकावरणात शिरण्याआधीच्या काही दिवसांत वाऱ्याचा दाब सुमारे २० पट वाढला होता. इतका दाब तिथे एकूण काळाच्या ५ टक्क्यांहूनही कमी वेळ असतो. त्या दाबाखाली चुंबकावरण आक्रसून एरवीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं उरलं होतं.

हा ‘पाचवा हिस्सा’ डोळे मिटून मान्य करायची गरज नाही, कागदावर पडताळता येतो. ग्रहाचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. क्षेत्राचा दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो अंतराच्या सहाव्या घातानुसार घटतो. हा दाब आणि वाऱ्याचा दाब जिथे सारखे होतात, तिथे चुंबकावरणाची सीमा. तेव्हा वारा २० पट जोराचा झाला, तर सीमा २०च्या सहाव्या मुळाइतक्या पटीने आत सरकते. ते मूळ येतं १.६५च्या आसपास. आकारमानासाठी त्याचा घन करा : साडेचार पटींची घट. म्हणजे उरला ढोबळमानाने पाचवा हिस्साच. मला हे गणित फार आवडतं, कारण चुंबकावरण किती चिवट असतं हेही त्यातूनच कळतं. वाऱ्याचा दाब वीस पट झाला तरी सीमा दुपटीनेसुद्धा हलत नाही.

आता मुख्य मुद्दा. या आक्रसण्याचा परिणाम कशावर होतो आणि कशावर होत नाही?

चुंबकीय क्षेत्रावर जवळजवळ होत नाही. व्हॉयेजरने सर्वांत मोठं क्षेत्र मोजलं ते ४१३ नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक), ग्रहाच्या केंद्रापासून युरेनसच्या ४.१९ त्रिज्यांवर. सीमा लागली होती १८ त्रिज्यांवर आणि तिथलं क्षेत्र होतं जेमतेम काही नॅनोटेस्ला. वारा बाहेरून दाबतो तेव्हा आतल्या क्षेत्रात जी भर पडते ती याच मापाची, म्हणजे ४१३च्या तुलनेत एखाद-दोन टक्के. त्यामुळे युरेनसचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलनाच्या अक्षाशी सुमारे ५९ अंशांचा कोन करतो आणि त्या क्षेत्राचा मध्य ग्रहाच्या केंद्रापासून जवळपास एक तृतीयांश त्रिज्या सरकलेला आहे, हे दोन्ही निष्कर्ष आजही उभे आहेत. ते कोणत्याही दिवशी तेच आले असते. बुधाच्या बाबतीत हे पडताळूनही झालंय. मरिनर-१० या यानाने १९७४ आणि १९७५मध्ये बुधाच्या चुंबकावरणातून ओझरत्या फेऱ्या मारून त्याला स्वतःचं क्षेत्र असल्याचं सांगितलं. २०११ ते २०१५ अशी चार वर्षं बुधाच्या कक्षेत राहिलेल्या मेसेंजर यानाने ते कायम केलं, वर क्षेत्राचा मध्य उत्तरेकडे सुमारे ४८० किलोमीटर सरकलेला आहे ही मोलाची भर घातली.

परिवलनकाळाची गोष्ट तर तुमच्या आक्षेपाला थेट उत्तर आहे. व्हॉयेजरच्या नोंदींवरून तो १७.२४ तास ठरला आणि सोबत ०.०१ तासाची अनिश्चितता छापली गेली. म्हणजे ३६ सेकंद. वर्षभरात युरेनस पाचशेहून जास्त वेळा स्वतःभोवती फिरतो, तेव्हा ही चूक साठत जाऊन वर्षात पाच तासांची होते. दोन-चार वर्षांत युरेनसचा चुंबकीय ध्रुव नेमका कुठल्या बाजूला आहे हे सांगणंच अशक्य झालं. हबल दुर्बिणीने २०११ ते २०२२ या काळात युरेनसच्या वरच्या वातावरणातले ध्रुवीय प्रकाश टिपले, आणि ते चुंबकीय ध्रुवांबरोबर कसे फिरतात यावरून लॉरन लामी यांच्या गटाने २०२५मध्ये नवा आकडा दिला : १७ तास १४ मिनिटं ५२ सेकंद. जुन्यापेक्षा २८ सेकंद जास्त. १९८६मध्ये सांगितलेल्या ३६ सेकंदांच्या आतच! किती चुकू शकतो हे यानाच्या चमूने तेव्हाच लिहून ठेवलं होतं आणि ते खरं ठरलं. याला विज्ञान म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, हे मी तुम्हालाच विचारतो.

मग डळमळीत काय झालं? आतला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू. व्हॉयेजरला युरेनसचं चुंबकावरण जवळजवळ रिकामं दिसलं. होते ते मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. पाण्यापासून बनणारे आयन (विद्युतभारित अणू-रेणू) सापडले नाहीत. दुसरीकडे इलेक्ट्रॉनांचे प्रारणपट्टे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या अतिवेगवान कणांचे पट्टे, मात्र कमालीचे तीव्र होते. कोठार रिकामं आणि पट्टे भरलेले, या कोड्याने संशोधकांना वर्षानुवर्षं छळलं. गुरूला आयो हा चंद्र दर सेकंदाला टनभर द्रव्य पुरवतो, शनीला एन्सेलॅडस पाणी पुरवतो. युरेनसपाशी तसं काहीच दिसेना, म्हणून त्याचे चंद्र निष्क्रिय आहेत असा निष्कर्ष निघाला. आता दिसतं ते असं, की आक्रसताना प्लाझ्मा बाहेर फेकला गेला असू शकतो आणि त्याच घडामोडीत पट्ट्यांमध्ये इलेक्ट्रॉनांची भर पडली असू शकते. ‘असू शकतो’ हे शब्द मी मुद्दाम वापरतोय. चंद्र सक्रिय आहेत असं त्या निबंधाने सिद्ध केलेलं नाही. ते निष्क्रिय असल्याचा एक पुरावा तेवढा कमजोर झाला.

इथे तुमची एक तक्रार मला पूर्ण मान्य आहे. मूळ निबंधांत ‘त्या वेळी’, ‘त्या मार्गावर’ अशा अटी असतात. त्यांचा सारांश होता होता त्या गळून पडतात आणि ‘युरेनसचं चुंबकावरण रिकामं आहे’ असं सरसकट विधान उरतं. हा दोष गंभीर आहे. पण तो यानाचा नाही, आणि मोजणाऱ्यांचाही नाही.

जुन्या नोंदी नीट जपल्या की त्या किती काळ बोलतात, याचं आणखी एक उदाहरण. २०१९मध्ये जीना डिब्राचिओ आणि डॅनियल गर्श्मन यांनी व्हॉयेजरच्या चुंबकीय नोंदी दर दोन सेकंदांच्या बारकाईने पुन्हा उलगडल्या. सुमारे ४५ तासांच्या त्या प्रवासात त्यांना अवघ्या ६० सेकंदांचा एक चढउतार सापडला. तो होता चुंबकावरणाच्या शेपटीतून सुटलेला प्लाझ्माचा गोळा. वातावरणाचा अंश ग्रहापासून असाही निसटतो, हे युरेनसपाशी तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

तुम्ही शेवटी विचारलंय, की मग पुढचं यान तरी वेगळं काय करणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२२मध्ये युरेनसच्या कक्षेत राहणाऱ्या यानाला मोठ्या मोहिमांमध्ये पहिला क्रम दिला. अडचण एकच, पण मोठी आहे : यान आत असताना बाहेरचा वारा कोण मोजणार? मंगळासाठी हाच विचार करून, म्हणजे एक आत असताना दुसऱ्याला बाहेरचा वारा मोजता यावा म्हणून, एस्कपेड ही जुळी यानं नोव्हेंबर २०२५मध्ये रवाना झाली आहेत. युरेनसकडे दोन यानं पाठवणं महाग पडेल. पण कक्षा पुरेशी लांबट ठेवली तर एकच यान आळीपाळीने आत आणि बाहेर राहू शकतं, जसं कॅसिनीने शनीपाशी २००४ ते २०१७ या तेरा वर्षांत केलं. अशा फेऱ्यांमध्ये, वारा शांत असताना, पाण्याचे आयन आत सापडतात का हे आधी पाहावं लागेल. सापडले तर चंद्रांचा प्रश्न नव्याने उघडेल, आणि वारंवार शोधूनही सापडले नाहीत, तर १९८६चा निष्कर्ष त्या वेळेपेक्षा कितीतरी भक्कम पायावर उभा राहील.