होज ६५ वर टाकला की झालं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सिन्नरवाले भाऊ, तुमची कमेंट मोठी होती म्हणून उत्तर वेगळंच टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, यांचं म्हणणं असं की पीयू (पॉलियुरेथेन) फोम मारायच्या मशीनपासून गनपर्यंत जो तापणारा पाइप, म्हणजे होज, जातो त्याचा टेम्परेचर सेन्सर गनकडच्या टोकाला लावा असं लिहून मी लोकांना उगाच खर्चात पाडतो. यांचा सेन्सर मशीनपासून पहिल्याच तुकड्यावर आहे, थंडीत होज ६५ डिग्रीवर टाकतात, फोम मस्त फुगतो. वर नाशिक म्हणजे काय काश्मीर आहे का, गोणपाट गुंडाळलं तरी भागतं.

६५ वर टाकून तुमचं काम झालं असेल, मी नाही म्हणतच नाही. पण ते का झालं ते बघा की राव. समजा मशीनमधला मेन हीटर ५५ वर आहे आणि होजपण ५५ वर. ट्रिगर दाबला की हीटरमधून निघालेलं गरम आयसो (फोमच्या दोन मालांपैकी एक, दुसरा पॉलिऑल, दोन्ही वेगवेगळे येऊन गनमध्ये मिसळतात) थेट तुमच्या सेन्सरवर येतं, कंट्रोलरला वाटतं होज झाला गरम, तो होजचा करंट तोडतो. पुढचा सगळा होज मग निवत जातो, गनला माल येतो ४०-४२ ने आणि स्क्रीनवर ऐटीत ५५. आता होजचं सेटिंग ६५ केलं. हीटर ५५ च्या वर देत नाही, म्हणजे स्प्रे चालू असताना सेन्सरला ६५ दिसणारच नाही, करंट चालूच राहणार. म्हणजे तुम्ही टेम्परेचर कंट्रोल केलंच नाही, कंट्रोलरला फसवून होज कायम चालू ठेवलाय.

आणि मग पोरं जेवायला बसली की? माल जागच्या जागी थांबलेला, होज तापतोय. पहिला तुकडा गार फरशीवर असेल तर सेन्सर तिथलं वाचणार, आणि उरलेला होज आपण सवयीने वेटोळं करून कोपऱ्यात टाकतो, तिथली उष्णता बाहेर निघतच नाही, तो तुकडा ६५ च्या बराच वर जातो. जेवण झाल्यावरचा पहिला शॉट बघा, माल पत्र्यावर पसरायच्या आत फुगतो, खडबडीत होतो, नीट धरत नाही. आमच्याकडे एका साईटवर वेटोळ्यातल्या तुकड्याचं वरचं कव्हर चिकट होऊन एकमेकाला लागलं होतं. होज चालू करायच्या आधी तो पूर्ण उलगडायचा, यात तडजोड नाही.

मुळात होज माल तापवायला नाहीच, हीटरने तापवलेलं टिकवायला आहे. गच्चीवरच्या सोलरचं पाणी खाली येईस्तोवर पहिली बादली गारच भरते ना, तसं. तीन सुती होज (आतून ३/८ इंच), म्हणजे मीटरला साधारण ७० मिली माल, ६० मीटरला एका बाजूला सव्वाचार लिटरच्या आसपास. मिनिटाला पावणेदोन लिटर गेला तर मशीनमधून निघालेला माल गनला पोचायला अडीच मिनिटं. एवढ्या वेळात थंड माल ३०-४० डिग्रीने वर न्यायचा तर दोन्ही बाजू मिळून चारेक किलोवॅट लागतात, ते काम मेन हीटरचं. होजने फक्त वाटेत निवू द्यायचं नाही, आणि ते जमतंय का हे कळायला सेन्सर मेन होज संपतो तिथे, गनच्या छोट्या व्हिप होजच्या आधी हवा. कुठल्याही मॅन्युअलमध्ये साधारण हेच सापडेल, माझा शोध नाही.

खर्चाचं म्हणता तर थंड मालाचा हिशोब करा. आयसो गार झालं की घट्ट होतं, दोन्ही बाजूंचं प्रेशर हलतं, गनच्या आत माल नीट मिसळत नाही. पुठ्ठ्यावर एक पट्टा मारून नखाने उकरून बघा, मध्ये काळपट रेघा दिसतील, कुठे भुगा होईल तर कुठे नुसता चिकट. फोम कमी फुगतो, म्हणजे तेवढ्याच जाडीला माल जास्त जातो. एका ड्रममध्ये किती छत होतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

आता थंडीचं. द्राक्षाचा सीझन जानेवारीपासून, म्हणून पिंपळगाव-दिंडोरीकडची कोल्ड स्टोरेजची कामं नोव्हेंबर-डिसेंबरात अंगावर येतात, आणि तेव्हाच निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा पेपरात छापून येतो, पाच-सहा डिग्री वगैरे. काश्मीर नसेल, पण सकाळी सातला पत्र्यावर दव असतं आणि ड्रममधला माल दहा-बारावर. अशा वेळी काहीजण पॉलिऑलच्या ड्रमखाली शेगडी पेटवतात, ते तर अजिबात करू नका, त्यातला फुगवणारा घटक आधीच उडून जातो. जुना फुगवणारा घटक, एचसीएफसी-१४१बी, ३२ डिग्रीलाच उकळायचा, १ जानेवारी २०२० पासून फोमवाल्यांकडे तो बंद झाला, आता प्रत्येकाचा माल वेगळा, म्हणून डेटा शीट बघूनच ड्रम गरम करा, ड्रमभोवती बांधायच्या बँड हीटरने, हळूहळू.

गोणपाटाला माझा विरोध नाही. उलट जॉइंटवर इन्सुलेशन निघालेलं असतं तिथे काहीतरी गुंडाळाच, होजवर हात फिरवत गेलं की तेच दोन-तीन जॉइंट गार लागतात. फक्त कोरडं गुंडाळा. आणि पहिल्या तुकड्यावर सेन्सर राहिलाय तो बहुतेक पुढच्या तुकड्यातली सेन्सरची वायर तुटलीये म्हणून, मल्टीमीटर लावून एकेक तुकडा चेक करा. नवीन होज घ्यायची गरज पडणार नाही बहुतेक.