पोकरमध्ये 10 बिग ब्लाइंड उरले की एक्के-राजांची वाट बघायची? नाही!

टूर्नामेंटमध्ये स्टॅक (तुमच्याकडच्या चिप्स) 10 बिग ब्लाइंडवर (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी एकाला सक्तीने लावावी लागणारी रक्कम) आला की गप्प बसा, फक्त एक्क्यांची किंवा राजांची जोडी आली तरच ऑल-इन जा (सगळ्या चिप्स लावा), असा सल्ला सध्या फिरतोय. चूक आहे हा, आणि नवीन पोरं यानेच बाहेर पडतात म्हणून लिहितोय.

साधा हिशोब बघा. या दोन जोड्यांपैकी एखादी साधारण 110 हातांत (डावांत) एकदा येते. 9 जणांच्या टेबलवर दोन्ही ब्लाइंड (स्मॉल अर्धा, बिग एक) आणि बिग ब्लाइंड अँटी (बिग ब्लाइंडवाल्याने भरायची आणखी एक बिग ब्लाइंड) धरून एका फेरीला अडीच बिग ब्लाइंड जातात, म्हणजे 4 फेऱ्यांत, 36 हातांत, तुम्ही संपलात!

आणि खरी ताकद समोरचा फोल्ड करण्यात (पत्ते टाकून देण्यात) असते, 10 ला तो अजून घाबरतो पण 3 वर आलात की कोणीही कॉल करतो (तेवढ्याच चिप्स लावतो), मग चांगले पत्ते येऊनही डबल होऊन परत 6 च. म्हणून बटनवर (डीलरच्या जागेवर, तुमच्यानंतर फक्त दोन ब्लाइंडवाले उरतात) आहात आणि आधीच्या सगळ्यांनी फोल्ड केलंय तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का असला तरी बिनधास्त ऑल-इन ढकला. पहिल्या सीटवरून मात्र नाही हं, तुमच्यानंतर अजून आठ जण खेळायचेत.