दोनशे रुपये कशाला?

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर भांडण झालं आणि मी इथे इंग्लंडमध्ये रात्री दीड वाजेपर्यंत फोन हातात धरून बसले. तिकडे मुंबईत सकाळ झाली, लोक चहा पिऊन ताजेतवाने होऊन पुन्हा भांडायला आले, आणि मी अजून कालचीच उत्तरं टाइप करत होते.

भांडणाचं कारण ऐकून माझा नवराही हसला. मुलुंडला आमच्या भागात निसर्गप्रेमींची एक छोटी संस्था आहे. दर महिन्याला एका रविवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यान ठेवते. प्रवेश विनामूल्य, सर्वांचं स्वागत. कधी बिबट्या, कधी खाडीवरचे पक्षी, कधी पावसाळ्यातल्या रानभाज्या. या वेळी शंभर खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं आली बावीस. आमच्या वर्गातल्या एकाने रिकाम्या खुर्च्यांचा फोटो टाकून खाली लिहिलं, "फुकट ठेवलं की हे असं होतं. दोनशे रुपये तिकीट लावा, हॉल भरेल. लोकांना फुकटची किंमत नसते."

त्यावर अकरा अंगठे. त्यातले निदान सात जण त्या हॉलमध्ये कधी गेलेले नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. भायखळ्याला पेंग्विन बघायला हीच मंडळी पन्नास रुपयांचं तिकीट काढून मुलाबाळांसकट रांगेत उभी राहिली होती. त्याचे फोटोही याच ग्रुपवर आहेत.

मी लिहिलं, आमच्याकडे रेडिंगला बघा. चर्चचा हॉल, महिन्याचा दुसरा मंगळवार, दाराशी आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि त्यावर चिठ्ठी : चार पौंड, ऐच्छिक. टाकले तर टाकले. कोणी विचारत नाही. आणि हॉल भरलेला असतो. पुरावा म्हणून फोटोही टाकला.

"म्हणजे तुमच्याकडेही पैसे घेतातच की," त्याचं उत्तर.

"घेत नाहीत. ठेवतात."

"चार पौंडांचे रुपये किती होतात माहितीये? आणि तू आम्हाला दोनशेवरून शिकवतेस? पौंडात कमावणाऱ्यांनी फुकटची बाजू मांडू नये."

हे मला लागलं. परदेशातल्या माणसाला गप्प बसवायला एवढं एकच वाक्य पुरतं, आणि ते सगळ्यांना पाठ आहे. बरं, मी दिवाळीला पैसे पाठवते तेव्हा ते पौंड चालतात.

पण मुद्द्यावर येते. इथलं मागचं व्याख्यान घारींवर होतं. आमच्या गावावर लाल घारी सतत घिरट्या घालत असतात. टेस्को सुपरमार्केटच्या पार्किंगवर, शाळेच्या मैदानावर, आमच्या मागच्या अंगणावरसुद्धा. शेजारच्या आजी अजूनही बोट दाखवून "बघ, बघ" करतात. वक्त्याने सांगितलं की शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या रस्त्यांवरची घाण घारीच उचलायच्या, म्हणून त्यांना मारायला बंदी होती. पुढे रस्ते स्वच्छ झाले, घारीची गरज संपली, मग गोळ्या घातल्या, विष घातलं. शेवटी वेल्सच्या डोंगरात बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या उरल्या. आज आमच्या डोक्यावर फिरतात त्यांचे पूर्वज १९९० च्या आसपास स्पेनहून आणून इथल्या टेकड्यांत सोडलेले आहेत.

हॉल हळहळला. मी मात्र मनातल्या मनात मिशीला पीळ देत होते. घार! अहो, सहावीत असताना शाळेच्या गच्चीवर माझ्या हातातली पोळीची गुंडाळी घारीने नेली होती, नख लागलेलं अजून दिसतं. आम्ही कधी घारी संपवल्या नाहीत, त्यामुळे कुठून आणाव्याही लागल्या नाहीत. (देवनारच्या कचऱ्याचे आभार, पण ते मी तिथे बोलले नाही. आणि घारीवरचा तो अभंग आता येणार असं तुम्हाला वाटलं असेल, तर नाही आणणार. एनआरआय मंडळांच्या स्मरणिकांत तो पुरेसा छापून झालाय.)

चहाच्या वेळी इथले आयोजक काका म्हणाले, आमची आरएसपीबी, म्हणजे पक्षी वाचवणारी इथली मोठी संस्था, १८८९ ची. मी कप खाली ठेवून म्हटलं, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ ची. सहा वर्षं आधीची. आत्ताच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आठ जण जमले आणि सुरू केली. त्यात प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग होते, डॉ. सखाराम अर्जुन होते. हे सखाराम अर्जुन म्हणजे आपल्या डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. पेशाने डॉक्टर आणि वनस्पतींचे जाणकार. काका खूश झाले. उरलेले सहा जण इंग्रज होते, ही माहिती मी त्यांना पुरवली नाही.

ग्रुपवर दुसरी एक मैत्रीण होती, तिचा वार जास्त खोल होता. ती लिहिते, "तिकीट लावा नाहीतर लावू नका. भाषणांनी होतं काय? ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रात्रीतून झाडं कापली. दोन हजारांवर. सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली तोवर झाडं आडवी. आता नॅशनल पार्कच्या पोटातून मुलुंड-गोरेगावचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे. पलीकडे मिठागरांवर धारावीचं पुनर्वसन. आणि आपण काय करतोय, तर प्रोजेक्टरवर फुलपाखरं."

हिला उत्तर देणं सोपं नाही, कारण ती त्या रात्री आरेच्या गेटवर होती आणि मी रेडिंगच्या घरात लाइव्ह बघत होते.

तरी मी दिलं. आईची गोष्ट सांगितली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या अंगाला आमची सोसायटी. ती या व्याख्यानांना जाऊ लागली ती निसर्गप्रेमापोटी अजिबात नाही. मे महिना, दुपारभर वीज गेलेली, हॉलवर जनरेटर आहे हे तिला माहीत होतं, आणि शेजारच्या काकू निघाल्याच होत्या. "फुकट आहे, पंखा आहे, चल म्हणाली." असा त्यामागचा प्रेरणास्रोत. त्या दिवशी विषय होता बिबट्या. एका बिबट्याला पकडून नेलं की त्याची जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो. आणि पकडलेल्याला अनोळखी रानात सोडलं की तिथे हल्ले वाढतात. जुन्नर भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी हे सगळं अभ्यासून मांडलंय. बिबट्या वस्तीत येतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठी, आणि कुत्री जमतात कचऱ्यामुळे.

पुढे दोन वर्षांनी सोसायटीच्या सीसीटीव्हीत पहाटे साडेतीनला बिबट्या दिसला. मागच्या भिंतीवरून आला, कचऱ्याच्या डब्यांपाशी थांबला, स्कूटरी हुंगल्या, गेला. दुसऱ्या दिवशी तातडीची सभा. सेक्रेटरींचं एकच, पिंजरा लावा, फॉरेस्टला पत्र द्या, नगरसेवकाला फोन करा. आणि माझी आई, जी आयुष्यात सोसायटीच्या सभेत "चहा कोणी सांगितला का" यापलीकडे बोललेली नाही, ती उठून म्हणाली, "पिंजरा लावून हा गेला तर दुसरा येईल. त्याला आपलं घर माहीत नसेल, तो घाबरेल आणि मग चावेल. त्यापेक्षा मागचे डबे हलवा, दिवा लावा आणि रात्री मुलांना तिकडे एकटं सोडू नका." सेक्रेटरी म्हणाले, "काकू, तुम्हाला हे कोणी सांगितलं?" आई म्हणाली, "भाषणात."

डबे हलले. दिवा लागला. पिंजरा आला नाही. बोगदा यामुळे थांबणार नाही, मान्य. पण दोनशे रुपये असते तर आई पंखा शोधायला दुसरीकडे गेली असती.

डिसेंबरमध्ये सुट्टीवर गेले तेव्हा मीही तिच्याबरोबर एका व्याख्यानाला गेले. तरुण मुलगा बोलत होता, चांगलं बोलत होता, पडद्यावर कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याचे फोटो. शेवटच्या रांगेत एक बाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, पायात स्लीपर, हातात भाजीची पिशवी. डोंगरातल्या पाड्यावरच्या, हे नंतर कळलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली तसं त्या हात वर न करताच बोलू लागल्या. "तुम्ही बिबट्या बिबट्या म्हणता, आम्ही वाघच म्हणतो. आमच्याकडं वाघोबाचं ठाणं आहे. वर्षातून एकदा मान देतो. तो त्याच्या वाटेनं जातो, आम्ही आमच्या." मग पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "ती वाट ना, ती शाळेच्या मागची. तिथं तो रोज नाही येत. पाण्याला येतो, होळीनंतर." त्या मुलाने लॅपटॉप बाजूला सारला, वही काढली आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. नातू तोवर खुर्चीवर झोपला होता.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा दोनशेवाला म्हणतो, "पाड्यावरच्यांना सवलत ठेवू." म्हणजे दारात टेबल लावून एकाने ठरवायचं, कोण पाड्यावरचं दिसतं आणि कोण नाही.

आता मी टाकलेल्या रेडिंगच्या फोटोबद्दल थोडं सांगायला हवं. तो मी कापून टाकला होता. पूर्ण फोटोत पहिल्या तीन रांगा पांढऱ्या केसांच्या आहेत, आणि मागच्या तीनही. पन्नाशीच्या आतलं कोणी नाही. सावळी मी एकटी, आणि फोटो मीच काढत असल्यामुळे तीही त्यात नाही. आमच्या गावात एवढे पंजाबी, नेपाळी, पोलिश लोक, त्यातलं कोणी मी तिथे पाहिलेलं नाही. आणि तो डबा ऐच्छिक आहे हे खरं, पण त्याच्यामागे एक बाई बसलेल्या असतात आणि डब्यात काही न टाकता आत गेलेला माणूस मी आजवर बघितला नाही.

एक सोडून. पहिल्या वर्षी, नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी, बस चुकली आणि पाऊस लागला म्हणून मी त्या हॉलच्या वळचणीला उभी राहिले होते. ओळखीचं कोणी नव्हतं, नवरा तेव्हा लीड्सला, घरी जाऊन करायचं काय तर भात लावायचा. आत दिवे होते आणि माणसांचा आवाज. आत गेले. डबा दिसला, पर्समध्ये फक्त कार्ड. मी परत फिरले, तर त्या बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी द्या, चहा संपायच्या आत घ्या. विषय वटवाघळांचा होता, मला निम्मा कळला नाही. पण त्या संध्याकाळी दीड तास मी कोणाच्या तरी शेजारी बसले. पुढच्या महिन्यात आठ पौंड टाकले. आता दरमहा डायरेक्ट डेबिटने वर्गणी जाते, गिफ्ट एडसकट, म्हणजे माझ्या करातला थोडा वाटाही सरकारकडून त्यांना मिळतो.

मुलुंडच्या संस्थेला मी आजवर एक रुपया दिलेला नाही. त्या हॉलपासून सात मिनिटांवर मी सव्वीस वर्षं राहिले. पत्रक आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागायचं, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी. खाडीवरचे रोहित बघायला चला, असं एकदा ठळक अक्षरात होतं. आज ठाण्याच्या खाडीला रामसरचा दर्जा आहे, जगभरातून लोक येतात. मी तेव्हा ते पत्रक वाचून पाणी किती वाजता येणार ते बघितलं होतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं नाही.

परवा रेडिंगच्या आयोजक काकांनी विचारलं, मार्चच्या व्याख्यानाला वक्ता मिळत नाहीये, तू मुंबईच्या बिबट्यांवर बोलशील का? मी हो म्हणून बसले. पण दाखवायचं काय? सीसीटीव्हीची ती क्लिप कोणाकडे आहे म्हणून ग्रुपवर विचारलं. दोनशेवाला आता आमच्याच सोसायटीत राहतो. त्याचं लगेच उत्तर आलं, "माझ्याकडे आहे. फुकट मिळणार नाही. दोनशे रुपये."

माझं यूपीआय जुन्या नंबरवर होतं, तो नंबर कधीच बंद पडला. आईला फोन करून सांगितलं, त्याला दोनशे दे.

"कशाचे गं?" आई म्हणाली. "क्लिप माझ्याकडे आहे की. पाठवते."