ओरखड्याचा क्लेम आणि घराचा हिशेब

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ना कुणी अधूनमधून विचारतंच, "गाडीचा इन्शुरन्स सगळ्यात स्वस्त कुणाकडे?" लगेच चार-पाच जण आपापल्या एजंटाचा नंबर टाकतात. एक म्हणतो ऑनलाइन घे, दुसरा म्हणतो शोरूममधूनच घे, नाहीतर क्लेमच्या वेळी रडशील. मी त्या चर्चेत पडत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते तिथल्या दोन ओळींत मावत नाही. म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत असं आहे, की लहानसहान नुकसान घराने सोसावं आणि घर हलेल असं नुकसान पूर्णपणे कंपनीच्या गळ्यात टाकावं. आपण नेमकं उलटं करतो. बंपरला ओरखडा आला की क्लेम टाकतो, आणि हप्ता कमी दिसावा म्हणून कागदावर गाडीची किंमतच उतरवून घेतो.

पॉलिसीचा कागद उघडला की त्यात दोन वेगळे हप्ते दिसतात, थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान) आणि ओन डॅमेजचा (आपल्याच गाडीचं नुकसान). थर्ड पार्टीत घासाघीस करायला जागाच नाही. तो दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याच्या वर गेलात की एकदम ७,८९७. त्यावर जीएसटी. (सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. गाडीच्या विम्यावरचा १८ टक्के आहे तिथेच आहे, त्यामुळे उगाच आशेवर राहू नका.)

हा भाग कायद्याने सक्तीचा आहे, नसला तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड. पण दंड ही किरकोळ बाब. आपल्या गाडीखाली कुणी सापडलं आणि विमा नसला, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती आपल्याला भरावी लागते. त्यात फ्लॅट जाऊ शकतो. "गाडी कुठे फारशी बाहेर काढतो" म्हणत दोन-दोन महिने पॉलिसी संपलेली ठेवणारे लोक माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांच्याशी मी या विषयावर भांडलेही आहे.

नवी गाडी घेतली की थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदमच घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. म्हणजे पहिल्या वर्षानंतर तुम्हाला फक्त ओन डॅमेजचं नूतनीकरण करायचं असतं, आणि ते दुसऱ्या कंपनीकडून घेतलं तरी चालतं. शोरूमवाला फोनवर हे सांगत नाही. तो एकच गोल आकडा सांगतो आणि "मॅडम, उद्या संपतेय" म्हणून घाई करतो.

खरी कमाई किंवा खरं नुकसान आहे ते नो क्लेम बोनसमध्ये. एक वर्ष क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एक क्लेम केला की साधारणपणे पुन्हा शून्यावर. हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण त्याचा हिशेब कागदावर मांडलेला मी क्वचितच पाहिला.

माझा धाकटा दीर साताऱ्याला असतो. त्याचं म्हणणं, "वहिनी, दरवर्षी एवढे पैसे भरतो, मग वसूल नको करायला?" त्याच्या गाडीचा मागचा बंपर गेटला घासला, गॅरेजने नऊ हजार सांगितले आणि हा क्लेम करायला निघाला. मी त्याला मांडून दाखवलं. समजा बोनसशिवाय ओन डॅमेजचा हप्ता १२,००० आहे आणि आज तुला ५० टक्के सूट आहे, म्हणजे तू ६,००० भरतोस. क्लेम केलास की पुढच्या वर्षी पूर्ण १२,०००, म्हणजे ६,००० जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी २० टक्के सूट, ३,६०० जास्त. मग ३,०००, मग १,८००, मग ६००. बेरीज १५,०००. जीएसटी धरून १७,७००. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी येईल. तरी नऊ हजारांच्या बिलासाठी एवढं घालवायचं? आणि नऊ हजारही पूर्ण मिळत नाहीत. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये सक्तीने आपल्याला भरायचे असतात, आणि झिरो डेप (भाग जुने झाले म्हणून होणारी कपात टाळणारी, जादा पैसे देऊन घ्यायची सोय) नसेल तर प्लास्टिकच्या सुट्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात. बंपर प्लास्टिकचाच असतो.

हे ऐकल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी त्यांना फुकट पैसे देतोय?" फुकट नाही रे बाबा. गाडी चोरीला गेली, ट्रकने चेपली, पुरात बुडाली, तर त्यासाठी देतोयस. त्या दिवशी डोळे मिटून क्लेम कर.

५० टक्के बोनसवर असाल तर माझं गणित असं: कंपनीकडून हातात पडणारी रक्कम बोनसशिवायच्या ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट झाली, तर आणि तरच क्लेमचा विचार करायचा. बोनस अजून २० टक्क्यांवर असेल तर गमावण्यासारखं कमी असतं, तेव्हा रेषा थोडी खाली आणता येते. बोनस वाचवणारं ॲड-ऑनही (मूळ पॉलिसीवर जादा पैसे देऊन घ्यायचं संरक्षण) मिळतं. ५० वर पोचलेल्या माणसाने त्याचा भाव विचारून बघायला हरकत नाही.

आणि हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता सगळ्यात मोठा असतो आणि नेमका तिथेच तो निम्मा होतो. गाडी विकून सहा महिने बसने फिरायचं ठरवलंत तरी हा कागद जपून ठेवा. उलट पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बोनस गेला. आणखी एक: कंपनी बदलताना "मागच्या वर्षी क्लेम नाही" असं खोटं टिक करू नका. कंपन्या एकमेकींकडे चौकशी करतात, आणि ते उघडकीला येतं नेमकं मोठ्या क्लेमच्या वेळी.

आता आयडीव्ही, म्हणजे कागदावरची गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, की कंपनी हीच रक्कम हातात ठेवते. ऑनलाइन साइटवर "स्वस्त" म्हणून जे पहिल्या ओळीत येतं, त्यात बऱ्याचदा हा आकडा गुपचूप खाली ओढलेला असतो. किंमत लाखभराने कमी लावली तर हप्त्यात हजार-दोन हजार वाचतात, आणि गाडी गेली तर लाख जातो. दोन कोटेशनं शेजारी ठेवताना आधी आयडीव्ही सारखी करून घ्या, मगच हप्ता बघा. नाहीतर ती तुलनाच नव्हे.

ॲड-ऑन या विषयावर शोरूममध्ये जो तमाशा चालतो त्यावर वेगळी पोस्ट होईल. किल्ली हरवली तर, सामान चोरीला गेलं तर, टायर फाटला तर! हे सगळे घराने सोसायचे खर्च आहेत, मी घेत नाही. रोडसाइड असिस्टन्स गाडीच्या कंपनीकडून आधीच मिळालेला आहे का ते बघा, पुष्कळदा असतो. झिरो डेप गाडी पाच वर्षांच्या आत असेपर्यंत मी घेते, कारण मोठ्या अपघातात कापली जाणारी रक्कम खरोखर मोठी असते.

पुण्यात राहून इंजिन प्रोटेक्ट न घेणं मात्र मला पटत नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. पुराने झालेलं नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीतही (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) येतं. पण पाण्यात उभी राहिलेली गाडी घाबरून स्टार्ट केली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि ते जाम झालं, की कंपनी म्हणते हे पुराचं नव्हे, तुमच्या स्टार्ट करण्याचं नुकसान. दुरुस्तीचं बिल लाखांत जातं. हे ॲड-ऑन त्यासाठी. ते असो वा नसो, पाणी शिरलेली गाडी स्टार्ट करू नका, टो करून न्या. सांगली-कोल्हापूरच्या मंडळींना २०१९ च्या पुरानंतर हे सांगायची गरज नाही.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही सक्तीचा आहे, पण तेवढा वेगळा अपघात विमा तुमच्याकडे आधीपासून असेल तर गाडीच्या पॉलिसीत पुन्हा घ्यावा लागत नाही. घरात एकाच माणसाच्या नावावर गाडी आणि स्कूटर असेल तर दोन्हीकडे पैसे भरले जातायत का ते आजच बघा. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीत चढवा. किटच्या किमतीवर थोडी आकारणी होते, फार नाही. आणि गाडीचं कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी घेऊन आरसीवरून आणि पॉलिसीवरून बँकेचं नाव काढा. नाहीतर गाडी गेल्यावर पैशांसाठी आधी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आता हे सगळं कधी जमतं? घरात नऊ-दहा हजारांचा ओरखडा सोसायची ताकद असली तर. मला वाटतं खरी अडचण तिथे आहे. लोक क्लेम करतात ते गणित कळत नाही म्हणून कमी, त्या महिन्यात हातात पैसे नसतात म्हणून जास्त. पगार झाला की गृहकर्ज, किराणा, क्लास, एसआयपी, आणि विसाव्या तारखेला खात्यात खडखडाट. मग एप्रिलमध्ये गाडीचा विमा, मेमध्ये मिळकतकर, जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं असं एकामागून एक येतं, आणि दर वर्षी आपण ते अचानक आल्यासारखं "या महिन्यात फारच खर्च झाला" म्हणतो. मिळकतकर काय, पहिल्यांदा आलाय का?

आमच्याकडे वर्षातून एकदा येणाऱ्या सगळ्या खर्चांची बेरीज मी फेब्रुवारीत करते. गाडी आणि स्कूटरचा विमा, आरोग्य विमा, मिळकतकर, फी, दोन सर्व्हिसिंग, दिवाळी, गावच्या जत्रेला जाणं-येणं. त्याला बाराने भागते आणि तेवढी रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या बचत खात्यात जाते. त्या खात्याचं यूपीआय कुणाच्याच फोनवर नाही, अगदी माझ्याही. आरडी केली तरी चालेल, व्याज जरा बरं मिळेल, पण मधेच मोडावी लागते म्हणून मी साधं खातंच ठेवलंय. बेरजेत मी गाडीसाठी थोडी रक्कम मुद्दाम जास्त धरते. ओरखडे, पंक्चर, आरसा तुटणं, अशा गोष्टींसाठी. गेल्या काही वर्षांत हाय सिक्युरिटी नंबर प्लेटसारखे सरकारी खर्चही त्यातूनच निघाले. चारचाकीला जीएसटी सोडून ७४५ रुपये, पण तेव्हा लोकांनी ग्रुपवर केवढा गहजब केला!

असं खातं असलं की आणखी एक गोष्ट करता येते. कंपनीला सांगायचं, प्रत्येक क्लेममधले पहिले काही हजार मी भरीन, तू हप्ता कमी कर. याला व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणतात. पण त्यात सूट किती मिळते ते रुपयांत विचारा. काही वेळा दोनशे-चारशे रुपयांसाठी पाच हजारांची जोखीम अंगावर घेतली जाते, तेव्हा ते सोडून द्यावं. नवऱ्याला हा प्रकार अजून पटलेला नाही. त्याचं म्हणणं, विमा घ्यायचा आणि वर आपणच भरायचे? भांडण सुरू आहे.

विम्याचा हप्ता क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर टाकण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. पुढच्या वर्षीचा हप्ता येतो तेव्हा कधी कधी मागच्याचं कार्डावरचं देणं शिल्लक असतं. गाडीचं कर्ज फिटल्यावर जो हप्ता सुटतो, त्यातला निम्मा त्या वर्षभराच्या खर्चांसाठी ठेवलेल्या वेगळ्या खात्यात वळवा. सहा महिन्यांत ओरखड्यांची भीती जाते.

सासऱ्यांसारख्या निवृत्त मंडळींची गाडी देवळात आणि बँकेत जाण्यापुरतीच निघते. त्यांनी जितके किलोमीटर तितका हप्ता, या प्रकारच्या पॉलिसीचं कोटेशन जरूर मागावं. २०२२ पासून ती सोय आहे. फक्त ठरलेले किलोमीटर संपल्यावर काय होतं ते लेखी वाचा, कारण लेक परदेशातून आला की तीच गाडी महिनाभर कोकणात फिरते.

क्लेम नाकारला किंवा लटकवला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, मग बीमा भरोसा (विमा नियामकाचं तक्रारींसाठीचं पोर्टल), आणि तिथेही नाही जमलं तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

कमेंटमध्ये "कंपनी कोणती" विचारू नका, मी कुणाची एजंट नाही. बोनसशिवायचा ओन डॅमेज हप्ता, बोनसची टक्केवारी आणि गॅरेजचं बिल हे तीन आकडे लिहा. क्लेम करावा की नाही ते मी मांडून देते. पॉलिसीचा फोटो टाकणार असाल तर गाडीचा नंबर आणि मोबाइल नंबर झाकून टाका.