दीड चमचा आणि उभी बाटली

ताई, नमस्कार.

कॅलिफोर्नियात दुकानात दारू चाखायला देण्याच्या कायद्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, लेकीकडे कॅलिफोर्नियात चार महिने राहून आलेल्या माणसाने बीडकडच्या बायांना दारूचं शहाणपण शिकवू नये. दुकानात फुकट पाजायला लागले तर पोरं रांगा लावतील. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं तेव्हा बिअरचे कारखाने चालू होते, हेही मी सोयीने विसरलो. आणि तुमच्या गावात आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, मतदान झालं, तरी थोडक्यात बाटली उभीच राहिली, दुकान चालूच.

पाण्याचं तुमचं बरोबर आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, आणि त्याच महिन्यात दारूच्या कारखान्यांचं पाणी कमी करायला औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं. आधी निम्मी कपात, मग 60 टक्के. कपातच, बंद नाही. घागरी घेऊन रांगेत मीही उभा होतो, तरी लेखात हे आलं नाही. चूक माझी.

पण 'फुकट पाजतात' हे काही पटलं नाही. तिथल्या कायद्यात माप लिहिलेलं आहे: माणशी दिवसाला तीनच वेळा चाखायचं, वाइन एका वेळी एक औंस म्हणजे साधारण 30 मिली, आणि व्हिस्की-रमसारखी कडक दारू पाव औंस, सात मिलीच्या आसपास. खोकल्याच्या औषधाचा दीड चमचा म्हणा. चाखायची जागा बाकी दुकानापासून वेगळी करावी लागते, त्यासाठी दोरी बांधली तरी चालते. एकवीसच्या आतल्याला त्या दोरीपलीकडे पाऊल टाकता येत नाही. माझे केस कापसासारखे पांढरे, तरी दुकानातल्या पोरीने पासपोर्ट मागितला. लेकीला हसू आवरेना.

आता आपल्याकडचं बघा. कायद्याने महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एका दिवसाचा देशीला 2 रुपये, विदेशीला 5. कडक दारूसाठी वय 25, तिथल्यापेक्षा चार वर्षं जास्तच. कागदावर आपण त्यांच्याहून कडक. पण तालुक्याच्या ठिकाणी वाइन शॉपच्या जाळीतून हात घालणाऱ्या पोराला कुणी वय विचारलेलं तुम्ही पाहिलंय? मी पाहिलेलं नाही. (आणि नाव वाइन शॉप, वाइन कोपऱ्यात धूळ खात पडलेली.) मला तिथल्या दारूचं कौतुक नव्हतं, त्या दोरीचं होतं. लेखात ते नीट उतरलं नाही. 'चाखणं' म्हटलं की आपल्याला चखणाच आठवतो, तसंच काहीसं झालं असणार.

लेखाच्या शेवटचं 'आपल्याकडेही असा प्रयोग व्हायला हरकत नाही' हे वाक्य मात्र मागे घेतो. तुम्ही म्हणता त्या रांगांच्या भीतीने नव्हे. आपल्या पोरांना पहिला घोट दुकानदार देत नाही. तो वरातीत मिळतो, नाहीतर निवडणुकीच्या आदल्या रात्री ढाब्यावर, आणि तिथे दीड चमचा कुणी मोजत नाही. माझं कारण वेगळं आहे. तिथे चाखायला देणारा दुकानदार नसतो, दारू बनवणाऱ्याचा माणूस असतो. म्हणजे ती उघड जाहिरात झाली. आपल्याकडे टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी, म्हणून त्याच नावाचा सोडा दाखवतात. ज्यांनी सोड्यातून वाट काढली, त्यांच्या हातात चाखायचा गाळा कशाला द्यायचा? माप राहील कायद्यात आणि बाटली राहील टेबलावर. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. तेव्हा मी विरोध करणाऱ्यांना हसलो होतो. आज तेवढा हसणार नाही.

राहिलं तुमच्या गावचं मतदान. प्रतिक्रियेतला हा भाग सगळ्यांत मोलाचा, आणि तो तुम्ही दोन ओळींत उरकलात. गावातल्या 25 टक्के बायांनी अर्ज केला की मतदान लागतं. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या. जी आली नाही, तिचं वजन आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. दिवाळी झाली की आपल्याकडे ऊसतोडीला कोयता निघतो. निम्मा तांडा, अर्धी वस्ती पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात साखर कारखान्यांवर. नावं यादीत गावातच, बाया उसाच्या फडात. नवऱ्याच्या दारूने सगळ्यांत जास्त पोळलेल्या पुष्कळजणी त्यांतल्याच.

म्हणून एकच विचारतो. तुमच्याकडचं मतदान कोणत्या महिन्यात झालं? आणि त्या दिवशी किती घरांना कुलूप होतं, हे कुणी मोजलंय का? आकडा मिळाला तर कळवा, पुढचा लेख त्यावर लिहितो. तुमचं नाव घालायचं की नाही, तेही सांगा.