फॉरेस्ट व्ह्यूचे पैसे भरलेत ना, मग वसूल करा

घोडबंदर रोडला एकदाचा फ्लॅट झाला, अभिनंदन. फॉरेस्ट व्ह्यूचे म्हणून बिल्डरने जे काही वरचे लावले ते तुम्ही निमूटपणे भरलेत, म्हणजे बाल्कनीतून जे हिरवं दिसतं ते आता तुमचंच. संजय गांधी नॅशनल पार्क 100 चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय, त्याची ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर, कागदावर ते वनखात्याचं का असेना, ईएमआय तुम्ही भरताय. तेव्हा हक्काने वापरा. कसं वापरायचं ते आम्ही जुने ठाणेकर सांगतो, फुकट.

सुरुवात माकडांपासून करा. रविवारी सकाळी उपवन तलावावरून वर येऊरला जाताना केळी आणि वडापाव घेऊन ठेवा, आणि 'माकडांना खायला घालू नये' असा बोर्ड दिसला की बरोब्बर तिथेच गाडी थांबवा, कारण माकडंही तिथेच बसलेली असतात, त्यांनाही वाचता येत नाही. उंबर, कोवळी पानं, किडे शोधत दिवसभर फिरायची त्यांची कटकट वाचते आणि तुम्हाला पुण्य. पुढच्या खेपेला ते माकड बॉनेटवर येऊन बसेल, त्याच्या पुढच्या खेपेला काकूंच्या हातातली पिशवीच ओढेल, वेफर्सचं पाकीट दाताने फाडून मसाला चाटेल आणि पाकीट टाकून देईल झाडीत. मग तुम्ही ग्रुपवर टाकायचं, 'माकडं फार माजलीत, कोणीतरी काहीतरी करा.'

आता मुख्य विषय, बिबट्या. बिबट्या सोसायटीपर्यंत यावा असं वाटत असेल तर फार काही करावं लागत नाही. कंपाऊंडच्या मागे, जंगलाच्या बाजूला, ओला-सुका सगळा कचरा एकत्र टाकत चला. कचऱ्यावर भटकी कुत्री येतात, त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या ताई रोज चिकन-भात घालतात, कुत्र्यांची पिलावळ वाढते, आणि कुत्रं हे इथल्या बिबट्याचं नेहमीचं खाणं आहे, हे अभ्यासकांनी त्याची विष्ठा तपासून कधीच सांगून ठेवलंय. म्हणजे ताट तुम्हीच वाढायचं आणि पाहुणा आला की किंचाळायचं. पाड्यावरची माणसं पिढ्यान् पिढ्या त्याच्या शेजारी राहतात, वाघोबाला नारळ ठेवतात, अंधार पडला की पोरांना एकटं बाहेर सोडत नाहीत. पण त्यांना काय विचारायचं, त्यांच्याकडे कुठे क्लबहाऊस आहे.

दिसलाच बिबट्या तर एकच मागणी लावून धरा, पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. हा उपाय जुन्नरला मागेच करून झालाय, पकडून दुसरीकडे सोडले आणि जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले, पण तो प्रश्न तिथल्या लोकांचा. शिवाय बिबट्याला सोडलेली जागा पसंत पडेलच असं नाही. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या, त्याला माग काढायची कॉलर गळ्यात लावून माळशेज घाटात सोडला, तर पठ्ठ्या सुमारे 120 किलोमीटर चालत, हायवे-रेल्वे ओलांडत, वसईची खाडी पोहून इकडे नॅशनल पार्कात आला. आजोबा नाव होतं त्याचं. एवढ्या प्रवासात कोणाच्या वाटेला गेला नाही, शेवटी 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीखाली गेला. हे ग्रुपवर टाकू नका, मूड जातो लोकांचा. त्यापेक्षा 2019 च्या फेब्रुवारीतला ठाण्याच्या समतानगरच्या मॉलमधला सीसीटीव्ही व्हिडिओ टाका, बिबट्या शिरला होता तो, आणि खाली लिहा 'आत्ताच आपल्या गेटवर'. संध्याकाळपर्यंत तीन सोसायट्यांत गरबा रद्द होतो.

पक्षीप्रेम हवंच, कॅमेरा घेतलाय ना दोन लाखांचा. पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या येतो, चिमणीएवढा, पण रंग असे की कोणीतरी सगळी खडूची पेटी त्याच्यावर रिकामी केलीय. ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ करून घरटं करतो. बीळ सापडलं की लगेच लोकेशन टाका, मग पंधरा जणांनी ट्रायपॉड लावून समोरच बसायचं. बिचारा चोचीत छोटा सरडा धरून फांदीवर ताटकळतो, माणसं हलत नाहीत म्हणून बिळात जात नाही, आत पिल्लं उपाशी, पण फ्रेम काय येते! नाहीच आला तर स्पीकरवर त्याचा कॉल वाजवा. आणि कॅप्शनमध्ये 'सेव्ह नेचर' विसरू नका.

रात्रीचं सांगायला नकोच, बसायला येऊर हे ठाण्यात कोणालाही ठाऊक आहे. बंगला बुक करा, डीजे लावा, टर्फवर बारा वाजता फ्लडलाइटमध्ये मॅच खेळा. घुबडांना तेवढाच उजेड.

राहिली कारवी, डोंगरउतारावरचं झुडूप. ही बाई आठ वर्षांतून एकदा फुलते, 2016 ला फुलली, 2024 ला फुलली, डोंगर जांभळा करते, मधमाश्यांची चंगळ होते आणि मग बी धरून वाळून जाते. फुलली तेव्हा तुम्ही मधोमध शिरून रील केलंच असेल, छान. आता त्या बियांची रोपं वर आलीयत, तर ट्रेकची नवी पायवाट त्यांच्यावरूनच पाडा, शॉर्टकट पडतो. पुढचा नंबर 2032 चा. तेव्हा नाही फुलली तर सरळ बिल्डरला नोटीस पाठवा, ब्रोशरवर जांभळा डोंगर त्यानेच छापला होता.